मियोकच्या घरातली परीक्षा

१९ जानेवारी, सोमवार. हवा: उत्तरेचा कोरडा वारा. मियोक वाळेल.

शेजारच्या थोंगयंगवालीच्या जिभेला हाड नाही. आज वाळवणाच्या जाळ्यांपाशी सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "ताई, अख्खं घर मियोकवर चालतं तुमचं. पोरगी परीक्षेत घसरणार नाही तर काय होणार?" आणि बायका हसल्या. ज्यांची स्वतःची घरं समुद्रातल्या याच पाल्यावर चालतात, त्याही हसल्या. मी म्हटलं, "तुझा नवरा दरसाल धक्क्यावरून पाण्यात पडतो, तो कोणतं कढण पिऊन पडतो गं?" तेव्हा कुठं तिची बत्तीशी मिटली.

आता नमस्कार. शाळेतल्या बाई म्हणतात, रोजनिशीला आधी नमस्कार करावा, मग हवा लिहावी, मग मनातलं लिहावं. गावच्या सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांना त्या अक्षरं शिकवतात. त्यांना दाखवायची वही वेगळी आहे. तिच्यात मी "आज हवा छान होती, भात खाल्ला" एवढंच लिहिते. मनातलं त्यांना कशाला?

मनातलं असं, की माझी नात दान्बी बुसानहून परत आली आहे. नर्सिंग कॉलेजात होती, तिसऱ्या वर्षाला. पुस्तकातल्या सगळ्या परीक्षा पास. हातानं करून दाखवायची परीक्षा असते, तीत नापास. सलाईन लावून दाखवायचं होतं. एकदाच पुन्हा संधी आहे, फेब्रुवारीच्या शेवटी. तीही गेली तर कॉलेज तिला काढून टाकणार.

मियोक बुळबुळीत. परीक्षा तोंडावर असताना त्याचं कढण प्यायलं की माणूस घसरलाच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा आजपासून घरात मियोकचं कढण बंद. ऐन हंगामात, अंगणभर मियोक वाळत असताना, आम्ही दोघी मुळ्याचं पाणी पितो आहोत. दान्बी म्हणाली, "आजी, तसलं काही नसतं." मी म्हटलं, "तुला काय विचारलंय का?"

२२ जानेवारी, गुरुवार. हवा: ढगाळ.

आज तिच्याकडून काढून घेतलं, नेमकं झालं काय ते. परीक्षेत नुसतं काम करायचं नसतं म्हणे, प्रत्येक गोष्ट तोंडानं सांगत करायची असते. आता हात धुते. आता पट्टा बांधते. आता कातडी पुसते. हिच्या हातून कापसाचा बोळा खाली पडला. समोर ग्वाक बाई होत्या, तिथल्या मोठ्या प्राध्यापिका. त्यांनी विचारलं, "आता काय करशील?"

"मग काय केलंस?"

"काहीच नाही."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग?"

वेळ संपेपर्यंत तशीच उभी राहिली म्हणे, मिठाच्या खांबासारखी.

अबोल आहे ती पहिल्यापासून. माझा मुलगा आणि सून उल्सानला खाणावळ चालवतात. चार वर्षांची होती तेव्हा माझ्याजवळ टाकून गेले. लोक विचारायचे, "नाव काय बाळ?" ही माझ्या झग्याआड. मीच सांगायचे, "दान्बी. वय चार. वाळल्या मासळीशिवाय घास उतरत नाही." शाळेतही मीच, दवाखान्यातही मीच. कधी काही कमी पडू दिलं नाही पोरीला. एवढी सावली दिली आणि झाड मात्र असं मुकं निघालं.

२६ जानेवारी, सोमवार. हवा: थंडी, वारा नाही. मियोक वाळणार नाही, माणूस गोठेल.

तिच्या सरावासाठी मी रुग्ण झाले. खालून तापवलेल्या जमिनीवर गादी घालून मला आडवं केलं, दंडाला पंचा गुंडाळला आणि त्यात ती सुई खुपसायची. आधी टाचा जुळवून उभी राहिली.

"नमस्कार. मी विद्यार्थी परिचारिका कांग दान्बी. आपलं नाव सांगाल का?"

"अगं, तुझ्या बापाची आई मी! नाव काय विचारतेस?"

"आजी, तू आत्ता रुग्ण आहेस."

"रुग्ण असले म्हणून काय नात आजीला नाव विचारणार? आणि तुला माहीत आहे की माझं नाव."

"माहीत असलं तरी आपण म्हणायचं नाही. रुग्णाकडूनच वदवून घ्यायचं. त्याला बोलता येत असेल तर नातेवाइकानं सांगितलेलंसुद्धा चालत नाही. नियम आहे."

कसले एकेक नियम. सांगितलं शेवटी, माल्जा. चौथीही पोरगीच झाली तेव्हा बापानं 'आता बास' म्हणून ठेवलेलं नाव. झोपून, दंडाला पंचा बांधून, मोठ्यानं म्हटल्यावर ते मला कुणा परकीचंच वाटलं.

पुढचं सगळं मला लवकर पाठ झालं. ती जिथं श्वास घ्यायला थांबे तिथं मी पुढचं सांगे. "पट्टा बांध आता." "पुस की कातडी." "बोळा टाक, बोळा." इतकं तोंडात घास भरवूनही ती शेवटपर्यंत पोचली नाही. अर्ध्यावर सुई ठेवून दिली आणि म्हणाली, "उद्या करू." डोकं आहे की भोपळा?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सापाकडे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणून मी उचलला. ग्वाक बाई होत्या.

"दान्बीशी बोलायचं होतं."

"मी आजी तिची. मला सांगा."

"ती फेरपरीक्षेला बसणार आहे का, हे तिच्याकडून ऐकायचं होतं."

"बसणार. लिहून घ्या."

ठेवून दिला. दान्बी पडवीत जाऊन वाळल्या मासळीची डोकी मोडत बसली. जी कढणाला अख्खी ठेवायची होती त्यांचीही मोडली.

३१ जानेवारी, शनिवार. हवा: वारा बरा.

आज जाळ्यांवर मियोक पसरताना म्हणाली, "आजी, मी इथंच राहते. मला हे जमतं."

"हे जमतं? पानं एकमेकांवर चढवलीस बघ. आतून कुजतील."

"शिकेन."

"मग तेच शीक ना, जे शिकायला गेली होतीस!"

तिनं पानं सुटी केली. दोघींच्या हातांवर खारं पाणी गोठत होतं.

इथं कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते. मलाही वाटतं कधी कधी, की ही त्या कामाची नाही. सगळी माणसं सगळ्या कामाची नसतात. समोर कुणी तडफडत असेल आणि ही खांबासारखी उभी राहिली तर? पण मियोकच्या पाण्यात मी माझे गुडघे घालवले, तसे हिनंही घालवावेत, हेही डोळ्यांसमोर येत नाही. येतं आणि राग येतो.

भात वाढताना विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं परिचारिका व्हायला?"

भात चिवडला. मग म्हणाली, "तू धक्क्यावर पडून पाय मोडून घेतलास तेव्हा मी तिसरीत होते. दवाखान्यात एक परिचारिका होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मला विचारलं, 'तुला काय वाटतं, आजीला जास्त कुठं दुखतंय?' मला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारलं होतं."

हे काय कारण झालं? पाय माझा, दुखत मला होतं, आणि मी तिथंच खाटेवर होते की. मला विचारायचं.

४ फेब्रुवारी, बुधवार. हवा: आज वसंत लागला म्हणतात. कुठं लागला कोण जाणे.

लिहितानासुद्धा लाज वाटते आहे.

परीक्षेसाठी योत, म्हणजे तांदळाची चिकट मिठाई, आणायला दान्बीला घेऊन गिजांगच्या बाजारात गेले. योतची कांडी जेवढी चिवट, तेवढा विद्यार्थी परीक्षेला चिकटून राहतो. म्हणून मी कुणाच्या शब्दावर योत घेत नाही. विक्रेता म्हणाला, "आजी, अस्सल तांदळाची, एकदम चिवट." म्हटलं, बघू, आणि चावा घेतला. कांडी खेचली. कांडीबरोबर माझी वरची कवळीही आली. आली ती आली, वर तो शहाणा मदत करायला गेला आणि योत दगडावर आपटली. कवळीचे दोन तुकडे. एक योतला, एक नालीत.

विक्रेता म्हणतो, "बघा, खोटं बोललो का?"

मला बोलता आलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण बोळकं उघडून बाजारात बोलणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. माझी सासू मरताना बोळकी होती, तिच्या बोलण्याला गावातली पोरं हसायची. मी तोंडावर हात धरला आणि दान्बीकडे बघितलं.

तिनं आधी जमिनीकडे बघितलं. मग त्या माणसाकडे. मग हळूच म्हणाली, "दुसरी कांडी द्या. ही आम्ही घेणार नाही."

एवढंच. पण त्यानं दिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार. हवा: कळली नाही, दिवसभर आत होते.

दातांच्या दवाखान्यात गेलो. मी मफलर डोळ्यांपर्यंत ओढलेला. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारतो, "काय झालं?" मी दान्बीकडे बघते. दान्बी माझ्याकडे. डॉक्टर दोघींकडे. मी तिला कोपरानं ढोसलं.

"वरची कवळी तुटली. जुनी होती. खालच्या डाव्या दाढेनंही ती बरेच दिवस नीट चावत नाही, पण सांगत नाही."

आता हे हिला कुणी सांगितलं? मी तर घासातला घाससुद्धा लपवून गिळते.

डॉक्टर म्हणाला, जोडून उपयोग नाही, नवी करावी लागेल. मध्ये चांद्र नव्या वर्षाच्या सुट्ट्या, तेव्हा महिनाअखेर उजाडेल. म्हणजे तोवर माझं तोंड बंद. घरात दान्बीसमोर मी फसफस करून चार शब्द बोलते, बाहेर एक नाही. थोंगयंगवालीला हे सुख मिळता कामा नये.

१० फेब्रुवारी, मंगळवार. हवा: वारा भरपूर. चांगला माल निघाला.

वाळवणावर सगळ्या बायका. थोंगयंगवाली मफलर बघून म्हणाली, "ताईंनी मौनव्रत घेतलंय का?" मी दान्बीला खूण केली. आता खूण म्हणजे काय, मी मूठ दाखवली होती.

दान्बी म्हणाली, "आजीची कवळी तुटलीय. नवी येईपर्यंत ती बोलणार नाही."

अशी सरळ! मी इतकी झाकपाक केली आणि हिनं चारचौघीत मांडून ठेवलं. बायकांना हसू फुटलं. मग थोंगयंगवालीनं स्वतःचीच कवळी काढून हातावर धरली आणि म्हणाली, "माझी घालून बघता का?" सगळ्या पुन्हा हसल्या. मीही मफलरच्या आत थोडी हसले. तेवढं चालतं.

मग दिवसभर जो तो दान्बीलाच विचारत होता. माल किती दिवसांचा, पडशी कुठं बांधायची, गाडी कधी येणार. ती सांगत होती. एका वेळी दोन-चार शब्द, पण सांगत होती. दोनदा चुकीचं सांगितलं. मी डोळे वटारले, पण डोळ्यांना आवाज नसतो. तिनं स्वतःच परत जाऊन सांगितलं, "मघाशी चुकले, गाडी दुपारी येते." आणि कुणी तिला खाल्लं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. हवा: थंड.

पुन्हा रुग्ण. ओंडक्यासारखी पडून राहिले. नाव विचारलं, मी फसफसले, तिनं कान जवळ आणला. "माल्जा. बरोबर?" मान हलवली. पुढचं मला सगळं पाठ, पण सांगणार कशी? दात नसले की 'पट्टा' म्हणताना तोंडातून थुंकीच उडते. थांबली की मी नुसती तिच्याकडे बघायचे. ती छताकडे बघायची. मग तिचं तीच पुढचं सांगायची.

मध्ये मुद्दाम बोळा पाडला. म्हणाली, "आजी, ग्वाक बाईंसारखं बघ माझ्याकडे." आता ग्वाक बाई कशा बघतात मला काय ठाऊक? मी थोंगयंगवालीकडे बघते तसं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. पण शेवटपर्यंत गेली. पहिल्यांदाच.

योत उशाशी ठेवल्याचा गुण दिसतो आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. नव्या वर्षाचा दिवस. हवा: ऊन.

मुलगा आणि सून उल्सानहून आले. देगूची धाकटी जाऊ आली, तिचा नातू घेऊन. तो सेऊलला डॉक्टरी शिकतो, हे जावेनं बूट काढायच्या आत सांगितलं. पितरांना नमस्कार झाले, तांदळाच्या वड्यांचं कढण वाढलं, आणि जाऊ वळलीच, "मग, दान्बीचं कसं काय? आता चौथ्या वर्षाला ना?"

दरवर्षी मी ठोकून देते, "पहिली आली, दुसरी आली." यंदाही तोंड उघडलं होतं. त्यातून फक्त वारा निघाला. मुलानं खाली बघितलं, सुनेनं भांडी उचलली. मी दान्बीला ताटाखालून लाथ मारली, म्हणजे सांग काहीतरी, हो म्हण.

दान्बी म्हणाली, "नाही, काकीआजी. हाताच्या परीक्षेत मी नापास झाले. पुढच्या सोमवारी पुन्हा आहे. त्यात नापास झाले तर कॉलेज संपलं."

तव्यावरचा मासा तेवढा बोलत होता.

जाऊ म्हणाली, "अरे रे." तिचा नातू मात्र म्हणाला, "मीही एक वर्ष मागे आहे. आजीला माहीत नाही." जावेचा चमचा कढणात पडला. मग त्या दोघा पोरांनी कोपऱ्यात बसून माझ्या जुन्या पट्ट्यानं एकमेकांचे दंड बांधले, काय काय पुटपुटत राहिली.

मला राग आला. घरातली गोष्ट अशी ताटात वाढायची असते का? पण जेवण मात्र बरं उतरलं, हेही लिहायला हवं. एरवी सणाला मी अर्धा वाडगा तसाच टाकते.

जाताना मुलगा म्हणाला, "आई, दान्बी बोलायला लागली." मी त्याला खुणेनं सांगितलं, हो, आणि नको ते.

२२ फेब्रुवारी, रविवार. हवा: पाऊस भुरभुर.

उद्या परीक्षा. चिकट भात केला, योतची कांडी फडक्यात बांधली. दान्बी संध्याकाळी थोंगयंगवालीकडे मियोकची पडशी द्यायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा भात नको म्हणाली, भूक नाही म्हणाली. घाबरली आहे. मी काही म्हटलं नाही. म्हणणार काय, दात कुठं आहेत?

उद्या मी तिच्याबरोबर जाणार. "नको" म्हणाली, मी ऐकलं नाही अशी खूण केली.

२३ फेब्रुवारी, सोमवार. हवा: पाऊस थांबला.

ती आत गेली. फाटक एवढं मोठं आणि त्यावर एकही योत चिकटवलेली नाही. मोठ्या परीक्षेला आया फाटकं योतनं भरून टाकतात. इथं बिचारीचं एकटीचं फाटक कोरडं. मी कांडी तोंडात धरून ओली केली, हिरड्यांनी मऊ केली आणि फाटकाच्या दांडीला चांगली चोळून चिकटवली. मस्त धरली.

पहारेकरी धावत आला. "ओ आजी, काय चिकटवताय? आज कसली परीक्षा? कॉलेजला सुट्टी आहे!" मी मफलर धरून उभी. "नाव काय तुमचं? कुणाकडे आलात? ऐकू येतं का?" मला सगळं ऐकू येत होतं. बोळकं उघडायचं नव्हतं, बस्स. त्याला वाटलं म्हातारी वाट चुकली आहे. दंडाला धरून मला खोलीत बसवलं, खांद्यावर स्वतःचा कोट टाकला, आणि पोलिसांना फोन करायला निघाला. मी कांग घराण्याची सून, मियोकच्या आठ जाळ्यांची मालकीण, आणि मला हरवलेल्या मांजरासारखं बसवून ठेवलं होतं. काहीही बोलता येऊ नये आणि बाकीच्यांनी आपल्याबद्दल ठरवत बसावं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

तेवढ्यात काचेपलीकडून दान्बी दिसली. आत आली. वाकून नमस्कार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "या माझ्या आजी. त्या हरवलेल्या नाहीत. त्यांची कवळी तुटलीय म्हणून त्या बोलत नाहीत. योत माझ्यासाठी लावलीय. पुसून द्यायची असेल तर मी पुसते."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, थंडी वाजतेय? पाय दुखतोय? तू सांग, मी त्यांना सांगते."

मी मान हलवली. पाय दुखत होता.

पहारेकरी म्हणाला, "राहू द्या योत. निकाल लागेपर्यंत राहू द्या."

बसमध्ये तिनं सगळं सांगितलं. बोळा पुन्हा पडला. पुन्हा! ग्वाक बाईंनी पुन्हा तेच विचारलं, "आता काय करशील?" ही म्हणाली, "बोळा खाली पडला, तो आता वापरणार नाही. टाकते, हात पुन्हा धुते, नवा घेते." आणि मग रुग्णाला म्हणाली, "थोडा वेळ लागेल, माफ करा."

"रुग्ण कोण होता?" मी फसफसले.

"रबराचा हात."

"हाताची माफी मागितलीस?"

"त्याला बोलता येत नाही ना, आजी. म्हणून तर सांगायचं."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. हवा: वारा, ऊन. सगळ्यात चांगला दिवस.

काल नवी कवळी आली. घोड्याची असावी, एवढी मोठी लागते. आज सकाळपासून मी साठलेलं सगळं बोलायचं ठरवलं होतं, यादी मनात तयार होती.

दान्बी अंगणात मियोक पसरत होती, कोपरांपर्यंत ओली. घरात तिचा फोन वाजला. कॉलेजचा. मी उचलला. दाबायला बोटही उचललं होतं. मग फोन तसाच वाजता घेऊन अंगणात गेले.

"आजी, माझे हात ओले आहेत. तू घे ना."

"माझे दात टोचतायत."

"आजी!"

"टोचतायत म्हटलं ना. तुझा फोन, तुझे कान."

तिनं हात झग्याला पुसले. फोन मियोकसारखा ओला झाला. "हो, मी दान्बी बोलतेय... हो... हो, बाई... नाही, मी बसून नाही, उभी आहे." मग म्हणाली, "सोमवारनंतर? हो. येते."

पास झाली. मंगळवारी खऱ्या वॉर्डात हजर व्हायचं.

ती जाळ्यांमधल्या चिखलात उकिडवी बसून रडली. मी म्हटलं, "उठ, मियोकवर खारं पाणी पुरेसं आहे."

मग चूल पेटवली आणि मियोकचं कढण टाकलं, चांगलं पातेलंभर. आता घसरायचं कारण नाही. थोंगयंगवालीही वाडगा घेऊन आली, आणि घोट घेता घेता बोलून गेली, "माझ्यापेक्षा तुमचं बरं झालंय. हिनं परवा माझ्याकडे दोन वाडगे प्यायले तेव्हा मीठ जास्त झालं होतं."

"कधी प्यायले?"

"परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी." मग तिला कळलं आपण काय बोललो ते. "ताई, पोरीनं स्वतःच्या तोंडानं मागितलं हो! म्हणाली, 'मावशी, मियोकचं कढण आहे का? मला फार खावंसं वाटतंय.' ती माझ्या डोळ्यांसमोर वाढली, पण आजवर तिनं माझ्याकडे कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी नाही कसं म्हणू? तीनदा देवाला हात जोडले आणि वाढलं."

मी दान्बीकडे बघितलं. तिनं वाडगा तोंडाला लावला होता, फक्त डोळे दिसत होते.

आता विचार करा, ती योत फाटकाला लावली नसती तर काय झालं असतं!

३ मार्च, मंगळवार. हवा: धुकं. मियोक आत घेतलं.

पहिल्या बसनं गेली. पांढरा गणवेश पिशवीत, योतचा एक तुकडा खिशात, तोही "नको" म्हणत नेला.

सकाळपासून दाराशी रांग लागली आहे. थोंगयंगवाली येते, टपाल्या येतो, जावेचा फोन येतो. कोणत्या वॉर्डात दिली? सुई टोचू देतात का? घाबरली नाही ना? पुढं गावात येईल की बुसानलाच राहील? आता माझ्या तोंडात वर-खाली सगळे दात आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तरही आहे. ते मी गिळून टाकते. कवळी टोचते आहे, दुसरं कारण नाही.

तेव्हा उद्या शाळेतल्या बाईंकडून मोठ्या अक्षरात कागद लिहून घेऊन दाराला लावणार आहे, किंवा मीच लिहीन, वाकडं आलं तरी चालेल: दान्बीबद्दल इथं कुणी काही विचारू नये. ती शनिवारी संध्याकाळच्या बसनं येते. ज्याला विचारायचं असेल त्यानं थांब्यावर जाऊन उभं राहावं आणि तिलाच विचारावं. मी बाजूला असले तरी माझ्याकडे बघू नये. उत्तर तिनंच द्यायचं.